चूलबंद आवतन

उरलेल्या अन्नाचा कायदा, हे शब्द कोणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं सणकतं. घरातल्यांना ते माहीत आहे. टीव्हीवर त्यावर चर्चा लागली की मुलगा गुपचूप चॅनल बदलतो. मग मी आणखी चिडते, कारण मला ती चर्चा ऐकायची असते आणि ऐकता ऐकता भांडायचं असतं. टीव्हीतली माणसं उत्तर देत नाहीत, म्हणून इथं लिहायला बसले आहे.

आमच्या पूर्णा गावात मोठ्या माणसांचं एक मंडळ आहे. आडत दुकानवाले, दोघं-तिघं डॉक्टर, मंगल कार्यालयाचे मालक, आणि अध्यक्ष म्हणून एक वकीलसाहेब. मी चुडाव्याच्या शाळेतून तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. मंडळाला वस्तीतली एखादी शिकलेली बाई सभेला हवी होती, म्हणून मला निरोप आला. वस्ती म्हणजे रुळांपलीकडची आमची बौद्ध वस्ती. मी आता शिक्षक कॉलनीत राहते, पण माझी आत्या अजून तिथंच असते, आणि मंडळाच्या हिशेबी मीही अजून तिथंच असते.

सभा मंगल कार्यालयातच होती. काजू होते, सामोसे होते, आणि प्रत्येकाच्या बशीत अर्धा सामोसा तसाच पडला होता. वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. आवाज गोड आहे त्यांचा, कोर्टातही म्हणे गोडच बोलतात. हॉटेलात, लग्नात उरलेलं अन्न फेकून न देता गरजूंना द्यावं, देणाऱ्याला सरकारनं उत्तेजन द्यावं, करात सूट द्यावी, असा कायदा व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. तो झालाय, होणार आहे, की दुसऱ्याच कुठल्या देशात झालाय, हे त्या दिवशी कोणालाच धड सांगता आलं नाही. पण कायदा येईपर्यंत आपण हात बांधून का बसावं, आपण सुरुवात करू, मग सरकारला आपलं उदाहरण दाखवू, असं ठरत होतं.

‘‘यातलं मुख्य कलम असं,’’ वकीलसाहेब म्हणाले, ‘‘की चांगल्या मनानं दिलेलं अन्न खाऊन कोणाला काही झालं, तर देणाऱ्यावर खटला नाही. त्याशिवाय लोक द्यायला धजणार नाहीत.’’

मी विचारलं, ‘‘आणि खाणाऱ्याचं काय?’’

‘‘खाणारा लाभार्थी आहे, मॅडम.’’

हा शब्द ज्यानं शोधला त्याला एकदा रांगेत उभं करायला पाहिजे. मी म्हटलं, ‘‘साहेब, शाळेत खिचडी शिजली की आधी मास्तरनं चाखायची, मग लेकरांना वाढायची, असा नियम आहे. मी सगळी नोकरी ती खिचडी चाखली. तुमच्या कायद्यात चाखणार कोण?’’

कोणीतरी काजूची बशी माझ्याकडे सरकवली. मग मी आणखी एक सांगितलं. द्यायचंच असेल तर उरायची वाट कशाला बघता? पहिली पंगत बसायच्या आधी, गरम असताना बाजूला काढा आणि पाठवा. तेवढ्यानं सगळी भानगड मिटते.

वकीलसाहेब हसले. ‘‘पाहुण्यांच्या आधी? आणि मग ते उरलेलं कसं म्हणायचं, मॅडम? कायदा तर उरलेल्या अन्नाचा आहे.’’

सगळे हसले. मी काजूही न खाता घरी आले, आणि वाटेत पस्तावले की निदान मूठभर तरी उचलायला हवे होते.

आता आत्याबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्याभोवती आहे. आत्या माझ्या वडलांची थोरली बहीण, पण सगळं गाव तिला आत्याबाईच म्हणतं. धर्मांतर झालं तेव्हा ती परकरातली पोर होती. त्याआधी गावात लग्न झालं, की सगळ्या पंगती उठल्यावर आजोबांनी टोपलं घेऊन मांडवाच्या मागं उभं राहायचं, आणि पत्रावळीतलं जे येईल ते घरी आणायचं, अशी रीत होती. गोड कुठलं आणि तिखट कुठलं हेही टोपल्यात कळत नसे. धर्म बदलल्यावर आजोबांनी ते टोपलं अंगणात आणून, सगळ्या लेकरांना समोर बसवून, चुलीत घातलं. बांबूचं होतं, लगेच पेटलं. आत्या सांगते की त्या जाळावर त्यांनी भाकरी भाजली नाही, नुसतं बघत बसले.

तेव्हापासून तिचा नेम आहे. बोलावलं तर जायचं, वाढलं तर जेवायचं, पाठवलं तर परत पाठवायचं. आत्याचे यजमान रेल्वेत खलाशी, म्हणजे मजुरीच्या कामाला, होते; ते गेल्यावर पोरांना वाढवताना तिच्या घरी नुसत्या मिठाच्या पाण्यावर भाकरी खाल्लेली मी पाहिली आहे. पण शेजारच्या मोठ्या घरातून सणाचा डबा आला तर झाकण न उघडता परत गेला. लोक तिला माजोरी म्हणायचे. मी तिला माजोरी म्हणू देत नाही. पाहुणी म्हणून जेवायचं, नाहीतर नाही, एवढंच तिनं आयुष्यभर मागितलं. यापेक्षा कमी माणसानं काय मागावं?

तर वकीलसाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं आणि त्याच लग्नात मंडळाच्या कार्याचा नारळ फुटायचा होता. मला छापील पत्रिका होती. वस्तीसाठी मंडळानं रिक्षावर भोंगा लावून पाठवला. मी ते शब्द नंतर दहा जणांकडून ऐकले, ते असे: वकीलसाहेबांच्या कन्येच्या विवाहानिमित्त वस्तीतील सर्व बंधू-भगिनींना कळवण्यात येते की, आज दुपारी कोणीही घरी स्वयंपाक करू नये, आपल्या जेवणाची व्यवस्था करण्यात आली आहे.

ज्यानं हे लिहिलं तो शिकलेला असणार आणि खेड्यातलं काहीच त्याला ठाऊक नसणार. आमच्या भागात ‘घरी स्वयंपाक करू नका, चूल पेटवू नका’ हे एकाच वेळी म्हणतात. त्याला चूलबंद आवतन म्हणतात. घरातल्या एका माणसाला नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्या घराला जेवायला या, असं ते बोलावणं. असं आवतन आल्यावर घरी चूल पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान होतो. आणि न जाणं म्हणजे वैरच. वकीलसाहेबांच्या मंडळानं सगळ्या वस्तीला भोंग्यावरून चूलबंद आवतन दिलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आत्यानं चूल पेटवली नाही. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं, नवरीला खण आणि नवरदेवाला टावेल-टोपी घेतली, शेजारच्या दोन बायांना हाक मारली, आणि उन्हातून चालत रूळ ओलांडून मंगल कार्यालयावर आली. वकिलाच्या घरचं आवतन आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. त्या बाया मला नंतर म्हणाल्या, म्हातारी वाटेनं लय खूश होती.

मी आत होते. उभ्यानं जेवायचं होतं, हातात ती जड बशी, तीत पंधरा-वीस पदार्थांपैकी जे समोर येईल ते. लोक गुलाबजाम घेत होते, एक घास मोडत होते आणि बशी टबात टाकत होते. पूर्वी पंगतीत वाढपी दोनदा विचारायचा, माणूस पानावर हात धरायचा, त्यामुळे पानात कमी राहायचं. आता माणूस स्वतःच वाढून घेतो आणि स्वतःच टाकतो, आणि त्यावर कायदा मागतो. हे मी मनात म्हणत होते तोवर फाटकाशी आत्याचा आवाज ऐकू आला. बशी तिथंच ठेवून मी धावले.

छातीवर मंडळाचा बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता त्यांना अडवून उभा होता. ‘‘आजी, तुमचं तिकडं येणार हाय. गाडीनं. तुमी इकडं कशाला आलाव?’’

आत्या म्हणाली, ‘‘आवतन हाय आमाला.’’

तेवढ्यात वकीलसाहेबच आले. फेटा, हात जोडलेले, चेहरा हसरा. ‘‘अहो आत्याबाई, तुम्ही का त्रास घेतलात? तुमच्यासाठी तर खास टेम्पो केलाय. दारात येईल जेवण.’’

‘‘दारात?’’ आत्यानं विचारलं. ‘‘मंग चूल पेटवू नगा कामून म्हनलाव?’’

‘‘तशी सूचना होती ती. सोय म्हणून.’’

‘‘कवा येनार?’’

‘‘सगळ्यांचं आटोपलं की लगेच.’’

सगळ्यांचं आटोपलं की. आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं, आणि तिला कळल्याचं मला कळलं. तिथं त्या क्षणी मला त्या फेट्याचा शेमला धरून ओढावासा वाटला. मी ओढला नाही, आणि अजूनही मला ते बरं केलं असं वाटत नाही.

वकीलसाहेबांनाही काहीतरी टोचलं असावं. ते म्हणाले, ‘‘आलाच आहात तर बसा ना. मागच्या बाजूला टेबल लावून देतो तिघींना.’’

‘‘मागं न्हाई बसत आमी,’’ आत्या म्हणाली. मग तिनं खण आणि टावेल-टोपी त्यांच्या हातात दिली. ‘‘लेकीला द्या. आणलेला आहेर माघारी न्हेत नसत्यात.’’

त्यांनी तो घेतला, आणि न बघता बिल्लेवाल्याच्या हातात दिला. आमच्याकडे आहेर घेतला की माणसाला जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. ही साधी गोष्ट वकिलाला माहीत नसावी असं नाही. त्यांचंही गाव आहे, तिथं त्यांचीही भावकी आहे. माहीत असून विसरायची सवय झाली होती, आणि ती सवय मला अज्ञानापेक्षा वाईट वाटते. मी आत्याबरोबर निघाले. माझं जेवण त्या बशीत अर्धवट राहिलं, तेही गाडीत गेलं असेल.

टेम्पो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वस्तीत सकाळपासून एकही चूल पेटली नव्हती, लेकरं भुकेनं रडकुंडीला आली होती. आत्यानं घरी येऊन गॅसवर पिठलं केलं, आजूबाजूच्या पोरांना बसवून खाऊ घातलं. बाकीच्यांनी टेम्पोतलं घेतलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. भूक लागल्यावर माणूस खातो, त्यात लाज खाणाऱ्याला नाही. पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. वरणाचं झाकण काढलं तर वर बुडबुडे होते आणि आंबूस वास. उन्हात सगळी दुपार घट्ट झाकून ठेवलेल्या वरणाचं दुसरं काय होणार? बायांनी ते नालीत ओतलं. फोटो मात्र त्याआधी काढून झाले होते. मंडळानं नंतर सगळीकडे सांगितलं की वकीलसाहेबांच्या घरच्या लग्नात अन्नाचा कण वाया गेला नाही. खरंच आहे. त्यांच्या नालीत नाही गेला, आमच्या नालीत गेला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे मी पुष्कळ पाहिले होते. आपलंच शिळं दुसऱ्याच्या दारात ओतून वर पुण्य मोजणारे तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी भांडायला जाणार होते. आत्यानं जाऊ दिलं नाही. ‘‘त्यांला आवतन काय असतं ते ठावं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘दावावं लागंल.’’

पुढच्या उन्हाळ्यात आत्याच्या नातीचं लग्न ठरलं. विहाराशेजारच्या मैदानात मांडव. पत्रिका छापल्या होत्या, पण मंडळातल्या घरांना पत्रिका पाठवायची नाही, स्वतः जायचं, असं तिनं ठरवलं. गुडघे धरून ती दारोदार गेली. मी सोबत होते. प्रत्येक दारात तेच म्हणाली, ‘‘चूलबंद आवतन हाय. लेकराबाळासगट यायचं. घरी चूल पेटवू नगा.’’

सगळ्यांनी येतो म्हटलं. वकीलसाहेब तर म्हणाले, ‘‘आत्याबाई, तुमच्या घरचं कार्य म्हणजे आमच्या घरचं.’’ त्यांच्या पत्नीनं पाणी दिलं. पेला वेगळा होता की नाही हे मी बघितलं, आणि बघितल्याचा मला राग आला. पेला साधाच होता. आत्या परतताना सारखी म्हणत होती, बग, आपून नीट बोलावलं की लोक नीटच वागत्यात. मी हो म्हटलं. माझा विश्वास नव्हता, पण तिला तो हवा होता.

आचाऱ्याला तिनं बजावलं की त्या घरांतली माणसं धरून शिधा टाक. कमी पडलं तर माझी इज्जत जाईल. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. आमच्या लग्नात असतं तेच, पण वरणाला तूप तिनं स्वतः उभं राहून घातलं. मंगल परिणय झाला, पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत मंडपाच्या पंख्याखालची बसायची एक पट्टी तिनं मंडळाच्या पाहुण्यांसाठी रिकामी ठेवायला लावली. दुसरी पंगत झाली. लोक बसायला जागा बघायचे, आत्या त्यांना दुसरीकडे वळवायची. तिसऱ्या पंगतीनंतर वाढपी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी फाटकाकडे बघत होते. तिकडून कोणी आलं नाही. वकीलसाहेबांचे माझ्या फोनवर आशीर्वाद आले, हात जोडलेलं चित्र आणि दोन फुलं.

आणि मग, मांडवातली माणसं पांगायला लागली असताना, माझा फोन वाजला. मंडळाचा तोच बिल्लेवाला होता. ‘‘मॅडम, कार्यक्रम लय छान झाला म्हने. काही उरलंय का? गाडी मोकळी हाय, पाठवू का?’’

मी एक शब्द तोंडातून काढणार होते, तो इथं लिहीत नाही. आत्यानं विचारलं कोणाचा फोन. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘उरलं न्हाई म्हनाव. त्यांच्या वाट्याचं हाय, ते निखाऱ्यावर तसंच झाकून हाय. बोलव गाडी.’’

टेम्पो आला. आत्यानं मोठ्या भगुन्यातलं गरम अन्न काढून प्रत्येक घराचं वेगळं भगुनं भरलं आणि झाकणावर बुंदीची पुडी ठेवली. पाहुण्यांना यायला जमलं नसेल, तर त्यांचं त्यांच्या ताटात पोचलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिचा स्वतःचा नेम पाठवलेलं परत पाठवायचा, पण तिनं त्यांच्यासाठी तो वाकवला. मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले.

आडतवाल्यांच्या घरी सांगितलं की आमचं जेवण झालं, पोट भरलंय. म्हणजे चूल पेटली होती. एका डॉक्टरांकडे दार उघडलंच नाही, आत टीव्ही चालू होता. मग वकीलसाहेबांचं घर. ते स्वतः दारात आले. बनियनवर होते, दुपारची झोप झालेली.

‘‘अरे मॅडम! यायचं राहूनच गेलं बघा. पक्षकार आले होते. कशाला एवढा त्रास?’’ त्यांनी भगुन्याकडे बघितलं, झाकण काही उघडलं नाही. ‘‘असं करा, तिथं पायरीवर ठेवा. सकाळी कामवाली येते, तिला होईल.’’

मी म्हटलं, ‘‘वकीलसाहेब, तुम्ही अजून घास घेतला नाही, आणि उरलं?’’

‘‘तसं नाही हो...’’

‘‘तसंच आहे. आणि वैशाखात सकाळपर्यंत हे भगुन्यात काय होतं, ते आमच्या नालीला विचारा. पण तुम्हाला भीती नाही. चांगल्या मनानं देणार ना तुम्ही? खटला नाही होत.’’

मी भगुनं उचललं. ते काहीतरी बोलत होते, गोड आवाजातच. मी ऐकलं नाही. सगळी भगुनी मी तशीच परत आणली.

मांडवात आत्या पट्टीजवळ बसली होती. लग्नघरची बाई पाहुण्यांच्या आधी जेवत नाही, त्यामुळे ती सकाळपासून उपाशी होती. तिनं फक्त विचारलं, ‘‘जेवले का?’’

खोटं बोलावं असं मनात आलं. पण भगुनी भरलेली होती, ती तिला दिसत होती. जे झालं ते मी सांगितलं, कामवालीचंही सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. आत्याला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या मयतीलाही पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली. टेम्पोच्या ड्रायव्हरला पंख्याखाली बसवलं, गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाका मारून बसवलं, आणि वाढायला लावलं. अन्न गरम होतं, सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. भगुनी पुसून निघाली. नासाडी काही झाली नाही.

शेवटी मी एका ताटात तिच्यासाठी वाढून घेतलं आणि तिच्यासमोर ठेवलं. चल, आता तू जेव, म्हटलं. तिनं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

‘‘माह्या घरचं पावनं जेवलं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘म्या कसं जेवू?’’

नातीच्या लग्नाच्या दिवशी माझी आत्या उपाशी राहिली.